मिशिगनचा अठ्ठाविसावा दिवस

३० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी लागोपाठ तीन आदेश काढले. क्रमांक ६६, ६७ आणि ६८. सहासष्टाव्या आदेशाने राज्यातली आणीबाणी संपवली. सदुसष्टाव्याने ती १९४५ च्या कायद्याखाली पुन्हा लावली. अडुसष्टाव्याने तीच आणीबाणी १९७६ च्या कायद्याखालीही पुन्हा लावली. बाहेरच्या जगात या तीन सह्यांच्या आधी आणि नंतर काडीचाही फरक पडला नव्हता. तीच कोरोनाची साथ होती, तीच रुग्णालये होती, दुकानांची शटर तशीच खाली होती. १९७६ च्या कायद्यात मुदत होती. ती संपली होती, आणि वाढवून द्यायला विधिमंडळ तयार नव्हते. सगळा पेच त्यातून उभा राहिला.

संकटाच्या वेळी सरकारला किती अधिकार असावेत, यावर आपण फार मोघम बोलतो. 'जादा अधिकार हवेतच' आणि 'ही हुकूमशाही आहे' या दोन टोकांच्या मधे कायद्याचा प्रत्यक्ष मजकूर कोणी वाचत नाही. मिशिगनमध्ये तो सगळ्यांना वाचावा लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सातही न्यायमूर्ती 'वाजवी' आणि 'आवश्यक' या दोन विशेषणांवर महिनाभर विचार करत बसले. म्हणून हे प्रकरण मला अभ्यासण्याजोगे वाटते.

आधी तीन शब्द स्पष्ट करतो, नाहीतर पुढे घोटाळा होईल. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. तो थेट जनतेने निवडून दिलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो, कामाच्या दृष्टीने मुख्यमंत्र्याच्या जवळचा. पण मुख्यमंत्री सभागृहाच्या बहुमतावर टिकतो, गव्हर्नर टिकत नाही. त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि दोन्ही सभागृहे दुसऱ्या पक्षाची, असे सर्रास घडते. २०२० मध्ये मिशिगनमध्ये तेच होते: व्हिटमर डेमोक्रॅट, विधिमंडळ रिपब्लिकन. दुसरा शब्द आणीबाणी. आपल्या कानाला तो ऐकला की १९७५ आठवते. इथे त्याचा अर्थ तेवढा मोठा नाही. पूर, वादळ, साथ आली की राज्य सरकार ठरावीक अधिकार हाती घेण्यासाठी जी घोषणा करते, ती ही आणीबाणी. आणि तिसरा, कार्यकारी आदेश. तो आपल्या अध्यादेशासारखा नवा कायदा करत नाही. आधीच असलेल्या कायद्याने दिलेल्या अधिकारातूनच तो निघावा लागतो. पायाखालचा कायदा गेला की आदेशही जातो.

दोन कायदे शेजारी शेजारी

१९४५ चा कायदा दंगलीतून आला. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल उसळली. ३४ माणसे मेली, त्यातली २५ कृष्णवर्णीय. शहर पेटलेले असताना गव्हर्नर हॅरी केली आणि लष्करी अधिकारी यांच्यात गोंधळ चालला होता, की केंद्राचे सैन्य बोलवायचे तर मार्शल लॉ पुकारावा लागतो का. त्या गोंधळात बहुमोल तास गेले. दोन वर्षांनी विधिमंडळाने कायदा केला तेव्हा त्यावर या आठवणीची छाप होती. मोठे सार्वजनिक संकट, आपत्ती, दंगल किंवा त्यासारखी आणीबाणी आली आणि सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली, तर गव्हर्नरने तसे जाहीर करावे आणि जीवित व मालमत्ता वाचवण्यासाठी त्याला आवश्यक वाटतील असे वाजवी आदेश काढावेत. पुढे कायद्याने उदाहरणे दिली: वाहतुकीवर नियंत्रण, ठरावीक भागात येण्याजाण्याला मनाई, करमणुकीच्या आणि जमावाच्या जागांवर बंधने, संचारबंदी, दारूविक्रीवर नियंत्रण, बंदुका आणि दारूगोळ्यावर नियंत्रण, स्फोटकांच्या साठ्यावर नियंत्रण. यादी वाचताना १९४३ चे डेट्रॉइट डोळ्यांसमोर येते. पण 'यांपुरतेच मर्यादित नाही' हे शब्दही तिथेच आहेत. पुढच्या कलमात विधिमंडळाने आणखी सांगून ठेवले, की या कायद्याचा अर्थ व्यापकपणे लावावा.

एक गोष्ट त्यात कुठेच नव्हती, ती म्हणजे मुदत. गव्हर्नर स्वतः 'आता संकट संपले' म्हणेपर्यंत आणीबाणी चालू. दंगलीसाठी हे चालून जाते, कारण दंगल चार दिवसांत विझते आणि ती विझली हे सगळ्यांना दिसते.

१९७६ चा कायदा आपत्ती व्यवस्थापनाचा. आग, पूर, हिमवादळ, चक्रीवादळ यांच्या जोडीला त्यात 'साथ' हा शब्दही स्पष्ट लिहिलेला होता. राज्य, जिल्हे आणि शहरे यांनी कसे काम करायचे, कुठून मदत मिळवायची, याची त्यात नीट व्यवस्था आहे. आणि मुदतही आहे: आणीबाणी २८ दिवस. त्यानंतर गव्हर्नरने ती संपल्याचा आदेश काढलाच पाहिजे. गव्हर्नरने ठरावीक दिवसांची मुदतवाढ मागितली आणि दोन्ही सभागृहांनी ठरावाने ती मान्य केली, तरच यातून सुटका.

मग विधिमंडळाने जुना कायदा रद्द केला का? नाही. उलट १९७६ च्या कायद्यातच एक कलम घातले, की १९४५ च्या कायद्याखालचे गव्हर्नरचे अधिकार या कायद्याने कमी होत नाहीत. म्हणजे एका दाराला कुलूप लावले आणि शेजारचे दार उघडे असल्याची नोंद त्याच कागदावर करून ठेवली. पुढची ४४ वर्षे हे कोणाला खुपले नाही. या प्रकरणातली मूळ चूक माझ्या मते इथे आहे. २०२० मधल्या कोणत्याही एका व्यक्तीपेक्षा ती जुनी आहे.

मार्च आणि एप्रिल

१० मार्च २०२० ला राज्यात पहिले दोन रुग्ण सापडले आणि त्याच दिवशी व्हिटमर यांनी आणीबाणी जाहीर केली. २३ मार्चला 'घरी राहा' आदेश निघाला. डेट्रॉइटला फटका जबर होता. एप्रिल संपेपर्यंत राज्यातल्या मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या वर गेला होता. या काळात गव्हर्नरनी झपाट्याने निर्णय घेतले, आणि ते घ्यायलाच हवे होते याबद्दल मला शंका नाही. अशा वेळी ११० सदस्यांचे एक सभागृह आणि ३८ सदस्यांचे दुसरे एकत्र बसून व्हेंटिलेटर कुठे पाठवायचा हे ठरवू शकत नाहीत.

१० मार्चपासून २८ दिवस ७ एप्रिलला भरत होते. गव्हर्नरनी ७० दिवसांची वाढ मागितली. विधिमंडळाने ३० एप्रिलपर्यंतची, म्हणजे २३ दिवसांची दिली. इथपर्यंत कायदा लिहिल्याप्रमाणे चालला. एकाने मागितले, दुसऱ्याने कमी दिले, तारीख ठरली. मुदतीचा उपयोग हाच असतो. ती दोन्ही बाजूंना एका ठरलेल्या दिवशी समोरासमोर आणते.

बिघडले ते पुढच्या तीन आठवड्यांत. ९ एप्रिलच्या आदेशाने निर्बंध आणखी कडक झाले. ५०,००० चौरस फुटांहून मोठ्या दुकानांनी गालिचे, फरशा, फर्निचर, रंग आणि बागकामाचे सामान विकणारे भाग बंद ठेवायचे होते. दुकान उघडे, दूध आणि साबण घ्यायला माणसे आत, पण रोपांच्या मांडणीपुढे दोरी बांधलेली. स्वतःच्या एका घरातून स्वतःच्याच दुसऱ्या घरी जायलाही मनाई. मोटरबोटीवरही मनाई. एप्रिल म्हणजे मिशिगनमध्ये बर्फ ओसरून लोक वाफे तयार करायला लागतात तो महिना. आदेशामागचा हेतू समजतो: रंग घ्यायला निघालेला माणूस गर्दीत भर घालतो. पण डेट्रॉइटच्या शववाहिका आणि उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यातला वाफा यांना एकच नियम लावला, तेव्हा लोकांच्या मनात प्रश्न आला की हे ठरवताना आमच्याकडच्या कोणाला विचारले होते का. नव्हते विचारले. विचारण्याची सक्ती करणारे काही कायद्यात नव्हते. २४ एप्रिलला ही बंधने सैल झाली, पण तोवर लॅन्सिंगमध्ये राज्याच्या विधानभवनाभोवती मोटारींची रांग लावून निदर्शने होऊन गेली होती. राज्यात बेकारभत्त्यासाठी अर्ज करणारे दहा लाखांच्या वर गेले होते. हातावर पोट असलेल्यांचा राग आणि राजकीय पक्षांनी पेटवलेला राग एकमेकांत मिसळला, आणि वेगळा काढता येईनासा झाला.

३० एप्रिलला निदर्शक विधानभवनात शिरले. काहींच्या खांद्यावर रायफली होत्या. तेव्हाच्या नियमांप्रमाणे ते बेकायदा नव्हते. सभागृहाच्या प्रेक्षक-सज्जात बंदूकधारी उभे आणि खाली सदस्य मुदतवाढीवर बोलतायत, असा तो दिवस होता. भीतीच्या सावटाखाली घेतलेल्या निर्णयाची किंमत पुढे दोन्ही बाजूंनी मोजली.

गव्हर्नरनी आणखी २८ दिवस मागितले होते. विधिमंडळाने ते दिले नाहीत. त्याऐवजी काही आदेश कायद्यात घालणारे आणि काही वगळणारे एक विधेयक मंजूर केले. गव्हर्नरनी त्यावर पुढे नकाराधिकार वापरला. आणि त्याच ३० तारखेला ते तीन आदेश निघाले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण १९७६ च्या कायद्याचा खरा तोकडेपणा इथे दिसतो. त्याने विधिमंडळाच्या हाती फक्त 'हो' किंवा 'नाही' दिले होते. दवाखान्यांचे नियम राहू द्या, बागेच्या सामानावरची बंदी उठवा, एवढा साधा मधला मार्ग ठरावाने काढता येत नव्हता. 'हो' म्हटले की सगळे आदेश चालू, 'नाही' म्हटले की सगळे बंद. निवड अशी एका घावाची असली की माणसे आडमुठी होतात. मला वाटते, विधिमंडळाला एकेक आदेश बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा अधिकार असता, तर तडजोडीला जागा मिळाली असती आणि ३० एप्रिल इतका टोकाला गेला नसता.

गव्हर्नरची बाजूही तितकीच मनापासून समजून घ्यायला हवी. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: साथ ऐन भरात असताना सगळे आदेश एका रात्रीत गळून पडू द्यायचे, किंवा ७५ वर्षांपूर्वीचा, मुदत नसलेला कायदा वापरायचा. तो कायदा पुस्तकात होता. विधिमंडळाने स्वतःच तो जपून ठेवला होता. दुसरी वाट धरल्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. अडुसष्टाव्या आदेशाबद्दल मात्र देतो. एकाच दिवशी आणीबाणी संपवून लगेच तीच पुन्हा लावणे आणि २८ दिवस नव्याने मोजायला लागणे, हा कायद्याच्या शब्दांशी केलेला खेळ होता. हे चालले असते तर २८ दिवसांच्या कलमाला काही अर्थच उरला नसता.

मधेच धरण फुटले

६ मे ला विधिमंडळाने गव्हर्नरविरुद्ध दावा लावला. राज्य सरकारविरुद्धचे दावे जिथे चालतात त्या कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये सुनावणी झाली. निकाल यायचा होता, तेवढ्यात १९ मे च्या संध्याकाळी मिडलंड परिसरातले इडनव्हिलचे मातीचे धरण फुटले.

हे धरण १९२० च्या दशकातले. मोठा पूर आला तर पाणी सोडायला सांडवा अपुरा आहे, म्हणून केंद्रीय नियामक आयोगाने २०१८ मध्येच त्याचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला होता. तेव्हापासून देखरेख राज्याकडे आली होती. दोनतीन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर बांधाचा एक भाग खचला, विक्सम तलाव रिकामा झाला, पाणी खालच्या सॅनफर्ड धरणावरून वाहिले आणि तेही गेले. सुमारे १०,००० लोकांना घरे सोडावी लागली. मिडलंड शहरात टिट्टाबवासी नदी ३५ फुटांच्या वर चढली आणि १९८६ च्या पुराची खूण मागे पडली. एकही जीव गेला नाही. साथीच्या दिवसांत निवारा-केंद्रे उघडून, तिथे मास्क आणि अंतर सांभाळायला सांगत, रातोरात एवढी माणसे हलवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचे हे मोठे काम आहे आणि ते आवर्जून सांगायला हवे.

त्या रात्री गव्हर्नरनी मिडलंड जिल्ह्यासाठी वेगळी आणीबाणी जाहीर केली. कोणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला कोणाला सुचलेही नाही. मला या प्रकरणातला हा सर्वांत बोलका भाग वाटतो. त्याच गव्हर्नर होत्या, तेच विधिमंडळ होते, तोच वैराचा महिना होता, आणि तरी आपत्तीचे अधिकार गुमान चालले. कारण धरणफुटीला कडा असतात. पाणी कुठवर आले हे भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेवरून दिसते, ते कधी ओसरले हेही दिसते. २८ दिवसांत माणसे काढणे, रस्ते मोकळे करणे, मदतीचे अर्ज भरणे ही तातडीची कामे उरकतात, आणि पुनर्बांधणीची वर्षानुवर्षांची कामे नेहमीच्या कायद्यांनी, नेहमीच्या अर्थसंकल्पातून होतात. १९७६ चा कायदा अशा संकटांसाठी उत्तम होता.

साथीला अशी कड नसते. ती केव्हा संपली हे ठरवणे हाच वादाचा विषय होतो. कायद्यात 'साथ' हा शब्द चक्रीवादळाच्या शेजारी बसवला होता, पण तो बसवताना महिनोन्महिने चालणारे संकट कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते.

'वाजवी' आणि 'आवश्यक'

धरण फुटल्यावर दोन दिवसांनी, २१ मे ला, न्यायाधीश सिंथिया स्टीफन्स यांचा निकाल आला. त्यांनी कायदे वेगळे केले. १९७६ च्या कायद्याखाली आणीबाणी संपवून लगेच पुन्हा लावणे चुकीचे, पण १९४५ चा कायदा संपूर्ण राज्याला लागू होतो आणि त्याखालचे आदेश टिकतात. तो कायदा फक्त स्थानिक दंगलीपुरता आहे, हा विधिमंडळाचा युक्तिवाद त्यांनी मानला नाही. २१ ऑगस्टला अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने १९४५ चा कायदा उचलून धरला.

शेवटचा फैसला मात्र दुसऱ्याच खटल्यातून झाला. मार्चमध्ये एका आदेशाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचार थांबवले होते. पश्चिम मिशिगनमधल्या काही वैद्यकीय संस्था आणि एक रुग्ण केंद्रीय न्यायालयात गेले. त्या रुग्णाची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया या आदेशाने अडली होती. साथीच्या हजारो मृत्यूंपुढे एक गुडघा क्षुल्लक वाटेल. पण ज्याला प्रत्येक पायरीला कळ येते त्याच्यासाठी 'तातडीचे नाही' हे ठरवणारा कोण, हा प्रश्न क्षुल्लक नाही. खटला पुढे सरकेपर्यंत तो आदेश मागे घेतला गेला होता. तरीही केंद्रीय न्यायाधीशांनी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाला विचारले: तुमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ३० एप्रिलनंतर गव्हर्नरना हे अधिकार होते का?

२ ऑक्टोबर २०२० ला उत्तर आले. पहिल्या भागावर सातही न्यायमूर्तींचे एकमत झाले: १९७६ च्या कायद्याखाली ३० एप्रिलनंतर अधिकार नव्हता. बातम्यांमध्ये हे एकमत हरवून गेले. दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने निवडून आलेल्या न्यायमूर्तींनी एका स्वरात सांगितले, की मुदत म्हणजे मुदत.

दुसऱ्या भागावर चार विरुद्ध तीन. बहुमताचे निकालपत्र स्टीफन मार्कमन यांनी लिहिले. त्यांची मांडणी अशी: मिशिगनच्या घटनेप्रमाणे कायदे करण्याचा अधिकार विधिमंडळाचा. तो दुसऱ्याकडे सोपवायचा असेल तर कशाच्या आधारे वापरायचा हे नीट आखून द्यावे लागते. अधिकार जितका मोठा आणि जितका दीर्घ, तितकी आखणी बारीक हवी. १९४५ च्या कायद्याने जीवनाच्या जवळपास प्रत्येक अंगावर अमर्याद काळ हुकूम चालवण्याचा अधिकार दिला आणि त्याला आवर घालायला फक्त दोन शब्द ठेवले, 'वाजवी' आणि 'आवश्यक'. एवढ्या भाराला हे शब्द पुरे पडत नाहीत, म्हणून कायदा घटनाबाह्य.

मुख्य न्यायमूर्ती ब्रिजेट मकॉरमॅक यांच्यासह तिघांचे मत उलट होते. 'वाजवी', 'आवश्यक' यांसारख्या निकषांवर अधिकार सोपवणे न्यायालयांनी आजवर मान्य केले आहे, मग आजच ते का खटकावे, असा त्यांचा रोख होता. त्यात वजन आहे. सरकारच्या कितीतरी नियमांचा डोलारा असल्याच शब्दांवर उभा असतो, आणि ते शब्द अपुरे म्हटले तर पुष्कळ काही कोसळेल. डेव्हिड व्हिव्हियानो यांचे मत मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटले. ते बहुमताबरोबर होतेच, पण त्यांना घटनेपर्यंत जायची गरजच वाटत नव्हती. १९४५ चा कायदा 'सार्वजनिक सुरक्षितता' म्हणतो, 'सार्वजनिक आरोग्य' म्हणत नाही, आणि कायद्याच्या भाषेत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, तेव्हा तो साथीला लागूच होत नाही, असे त्यांचे म्हणणे. दंगलीच्या आठवणीतून लिहिलेला कायदा तापाच्या साथीवर ताणला गेला, हे त्यांनी शब्दांतूनच दाखवले.

माझे मत विचाराल तर मी बहुमताच्या निष्कर्षाकडे झुकतो, पण कारण वेगळे देतो. नुसती ती दोन विशेषणे असती आणि सोबत ३० किंवा ६० दिवसांची पक्की मुदत असती, तर कायदा टिकायला हरकत नव्हती. विशेषणांचा अर्थ न्यायालये लावू शकतात. अमर्याद काळाचा अर्थ लावता येत नाही.

निकालानंतर

आदेश दीडशेच्या वर होते. त्यांत फक्त मास्क आणि दुकाने नव्हती. बेकारभत्त्याचे आठवडे वाढवण्याचे होते, गावोगावच्या मंडळांना ऑनलाइन सभा घेऊ देण्याचे होते, वृद्धाश्रमांचे नियम होते. गव्हर्नरनी काही दिवस सवलत मागितली, ती न्यायालयाने दिली नाही.

आणि मग दोन गोष्टी घडल्या. पहिली, विधिमंडळ कामाला लागले. ऑनलाइन सभांचा कायदा १६ ऑक्टोबरला सहीपर्यंत पोहोचला, बेकारभत्त्याच्या वाढीव आठवड्यांचा २० ऑक्टोबरला. तीच दोन सभागृहे, त्याच गव्हर्नर. मे ते सप्टेंबर जे जमले नाही ते तीन आठवड्यांत झाले, कारण आता दुसरा उपाय कोणाकडेच नव्हता. मिशिगनचे विधिमंडळ पूर्णवेळ चालणारे आहे. टेक्सासमध्ये नियमित अधिवेशन दर दोन वर्षांनी एकदा, १४० दिवसांचे असते आणि विशेष अधिवेशन फक्त गव्हर्नरच बोलावू शकतो. तिथे 'विधिमंडळाची संमती घ्या' हे सांगणेच अवघड. मिशिगनला ती सबब नव्हती.

दुसरी गोष्ट ५ ऑक्टोबरला झाली, निकालानंतर अवघ्या तीन दिवसांनी. राज्याच्या आरोग्य विभागाचे संचालक रॉबर्ट गॉर्डन यांनी मास्क आणि जमावबंदीचा नवा आदेश काढला. आधार १९७८ च्या सार्वजनिक आरोग्य संहितेतल्या एका कलमाचा. साथ आटोक्यात आणायला आवश्यक वाटल्यास संचालक कोणत्याही कारणासाठीचा जमाव बंद करू शकतो, असे ते कलम. त्याचे मूळ १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर केलेल्या तरतुदीत आहे. नोव्हेंबरमध्ये रुग्ण पुन्हा वाढले तेव्हा उपाहारगृहांतली आतली बैठक आणि हायस्कुलांतले वर्ग तीन आठवडे बंद झाले, तेही याच कलमाखाली. त्या कलमातही दिवसांची मर्यादा नव्हती. फरक एवढाच, की सही आता जनतेने निवडलेल्या गव्हर्नरची नव्हती, गव्हर्नरनी नेमलेल्या संचालकाची होती. जबाबदारी मतदाराच्या एक पायरी आणखी लांब गेली. विधिमंडळाने जो खटला एवढ्या जिद्दीने लढवला, त्याचे हे फळ त्याला अपेक्षित असेल असे वाटत नाही.

हे नुसते पक्षीय भांडण होते असे म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना मी शेजारचे ओहायो दाखवतो. तिथे गव्हर्नर माइक डिवाइन आणि विधिमंडळ, दोघेही रिपब्लिकन. तरी मार्च २०२१ मध्ये विधिमंडळाने स्वतःच्याच पक्षाच्या गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून आणीबाणीच्या अधिकारांना वेसण घालणारा कायदा केला. त्यात आरोग्य विभागाचे आदेश ठरावाने मागे घेण्याची सोय होती, म्हणजे मिशिगनला हवा असलेला तो मधला मार्ग. पेनसिल्व्हेनियात मे २०२१ मध्ये मतदारांनी राज्यघटनाच बदलली आणि आणीबाणी २१ दिवसांवर आणून ठेवली. २१ दिवस मला फार कमी वाटतात. वाहून गेलेल्या गावाच्या माणसांनी तिसऱ्या आठवड्यात सभागृहाच्या तारखेकडे डोळे लावून बसावे, हे बरे नाही. पण तिथल्या लोकांना प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी मत दिले, ही गोष्ट मोलाची आहे.

मिशिगनमध्येही लोकांकडे जाण्याची वाट धरली गेली. १९४५ चा कायदा रद्द करा, या मागणीच्या अर्जावर पाच लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. हव्या होत्या त्या साधारण तीन लाख चाळीस हजार. सह्यांचे गठ्ठे जमा झाले त्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पडताळणीला पुढचा जुलै उजाडला. लोकांच्या अर्जातून आलेला कायदा विधिमंडळाने मंजूर केला की त्याला गव्हर्नरचा नकाराधिकार लागू होत नाही. १५ जुलै २०२१ ला सिनेटने आणि २१ जुलैला प्रतिनिधीगृहाने ६० विरुद्ध ४८ मतांनी तो मंजूर केला. साथीचे बहुतेक निर्बंध महिनाभर आधीच, २२ जूनला उठले होते.

त्या अर्जात फक्त जुना कायदा रद्द करणे एवढेच होते, त्याच्या जागी काय आणायचे ते नव्हते. आपत्तीसाठी गव्हर्नरच्या हाती राहिला तो १९७६ चा कायदा, त्याच्या २८ दिवसांसह आणि विधिमंडळाच्या त्याच 'हो' किंवा 'नाही'सह.